एकाच रेषेवरचे आकडे

“पप्पा, मग ती बोटं गेली कुठे?”

विचारून झालं आणि विजयश्री ताटातला भात उगाच बोटांनी सारखा करत बसली. काल वर्गाच्या ग्रुपवर दिव्या म्हणाली होती, “एवढी शूर झालीयेस ना, घरात विचारून दाखव.” बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकले होते. स्नेहसंमेलनात माइक हातात घेतल्यापासून विजयश्रीला कुठलीही पैज सोडवत नव्हती. ही सोडायला हवी होती, हे तिला आत्ता कळलं.

कस्तुराचा हात तव्यावरच्या भाकरीवर थांबला. “काय विचारायलीस गं? आन् जेवताना?”

“विचारू दे.” धम्मरत्नने उजव्या हाताने पेला उचलला, पाणी प्यायला, खाली ठेवला. डावा हात मांडीवर होता. त्याला आता अंगठा आणि पहिलं बोट, एवढंच उरलं होतं. “माझ्याच जेवणाच्या डब्यात घातली होती. बर्फ टाकून. सुपरवायझरनं डबा माझ्याबरोबर दिला. दवाखान्यात म्हणाले, चिरडलीत, उपयोग न्हाई. डबा मग तिथंच राहिला.”

भाकरी करपल्याचा वास आला. कस्तुराने ती उलटली नाही.

“नवा होता,” ती म्हणाली. “डबा.”

अपघातानंतरच्या अकरा महिन्यांत या घरात इतकं कुणी बोललं नव्हतं. चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढायच्या विभागात, दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायला हवी होती. माल भराभर निघावा म्हणून एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. कागदावर मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं आलं. धम्मरत्न आता भोसरीत एका गेटवर दुपारपाळीचा वॉचमन होता. भीमगीतांच्या पार्टीत वीस वर्षं वाजवलेलं त्याचं मेंडोलिन काळ्या पेटीत घालून कपाटावर ठेवलं होतं. विजयश्रीला तो त्याच्यावरच शिकवायचा. अपघातानंतर तिने शेजारच्या गल्लीतून एक जुनं मागून आणलं होतं आणि त्याच्यावर ती एकटीच सराव करायची. ती वाजवायला लागली की तो बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा.

हात धुऊन आल्यावर तो दारात थांबला.

“ते चाली लिहायचं काहीतरी घेतलंयस म्हणालीस ना? आण इकडं.”

विजयश्री ताटावरून उठून धावलीच.

सगळं साहेबराव काकांमुळे सुरू झालं होतं. ते पार्टीचे गायक. डिसेंबरात देहूरोडच्या विहारात कार्यक्रम होता आणि ते म्हणाले होते, “पोरी, पप्पाच्या जागी तू बस. पन त्याच्या चाली त्याच्या डोक्यात हायत, तेवढ्या काढून घे.” वर्गभर सांगून झालं होतं. पांढरा ड्रेस शिवायला टाकला होता. राहिल्या होत्या फक्त चाली.

त्यासाठी तिने तीन सॉफ्टवेअर पाहिली. पहिल्याला सहा तारांच्या गिटारपलीकडे काही ठाऊकच नव्हतं. दुसरं देखणं होतं, पण आठव्या दिवशी पैसे मागत कुलूप लावून बसलं. तिसरं दिसायला अगदी रद्दड, फुकटचं, वाकडच्या आत्तेभावाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर कण्हत कण्हत चालणारं. पण त्यात तारा चार करता येत होत्या आणि प्रत्येक तार हव्या त्या सुराला लावता येत होती. पडद्यावर चार आडव्या रेषा, एकेक रेषा म्हणजे एकेक तार. रेषेवर आकडा लिहायचा, मेंडोलिनच्या मानेवरच्या तेवढ्या नंबरच्या पट्टीवर बोट ठेवायचं. दिव्या बघून म्हणाली होती, “हे तर बसचं वेळापत्रक आहे!”

“वहीत सारेगम लिही की सरळ,” साहेबराव काका म्हणाले होते.

“काका, सारेगम सांगतं सूर कुठला. हे सांगतं हात कुठे ठेवायचा.”

पानाच्या डोक्यावर तीन रकाने होते. ‘चाल’, ‘रचना’, ‘वादक’. तिने सगळ्यात आधी तिसरा भरला होता, ठळक अक्षरांत: विजयश्री.

दिवाळीची सुट्टी होती. रोज सकाळी धम्मरत्न कस्तुराचं लाटणं मांडीवर आडवं धरून बसायचा आणि डोळे मिटून सांगायचा. “दुसरी तार, पाच. तिथंच सात. आता पहिलीवर ये, दोन.” एका बोटाने तो लाटण्यावर जागा दाखवायचा. बाकीच्या तीन जागी नुसतं हवेत काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. तेव्हा विजयश्री पडद्याकडे बघायची.

पहिली चाल पूर्ण झाल्यावर तिने ती लॅपटॉपवर वाजवून दाखवली.

“बरोबर हाय समदं,” तो म्हणाला. “पन मेलेला मानूस वाजवायलाय.”

ती हसली. तो हसला नाही.

आठवड्यात पाच चाली झाल्या. गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, तो म्हणाला, “अजून एक हाय.”

“ही ऐकलेली नाही मी. कधीची?”

“हाय एक. लिही.”

या वेळी त्याने लाटणं घेतलं नाही. खिडकीकडे बघत भराभर आकडे सांगत गेला, न अडखळता, न आठवता. विजयश्रीने लिहिलं, मग मागे सरकून पान पाहिलं आणि तिला हसू आलं. सगळे आकडे एकाच रेषेवर. दोन, पाच, सात, दहा, परत पाच, तिथून थेट बारा. बाकीच्या तीन रेषा कोऱ्या.

“पप्पा, काय हे! दहापर्यंत पळायचं कशाला? शेजारच्या तारेवर तोच सूर तिसऱ्या पट्टीवर मिळतो. तुम्हीच शिकवलंय.” तिने ‘सोपी मांडणी’चं बटण दाबलं. आकडे दोन रेषांवर शहाण्यासारखे जाऊन बसले. खाली कुठलं बोट वापरायचं तेही आलं: एक, तीन, चार, दोन. तिने वाजवलं. सूर सगळे तेच. “बघा! चार बोटांत बसतंय सगळं. असं एका तारेवर कोण—”



धम्मरत्नने डावा हात मांडीवरच्या टॉवेलखाली घेतला होता. पण त्याआधी तिने पाहिलं होतं. उरलेल्या बोटाच्या टोकावर दोन बारीक रेघा होत्या, अगदी शेजारी शेजारी, कोवळ्या, लाल. मेंडोलिनची एकेक तार म्हणजे दोन तारांची जोडी असते. अशा रेघा तिच्याही बोटांवर होत्या. चार दिवस वाजवलं नाही तर त्या जातात.

एरवी ती शाळेत, या सुट्टीत दुपारी दिव्याकडे, मम्मी पहिल्या पाळीला. तीनला पप्पा गेटवर जाईपर्यंत घरात दुसरं कोण असतं?

तिने बदल मागे घेतला. आकडे एकेक करून पुन्हा त्या एका रेषेवर आले.

कस्तुरा स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी भांडी विसळत होती. “कपाटावर समदीकडं धूळ बसती,” ती न वळता म्हणाली. “त्या पेटीवर बसत न्हाई. दिवाळीची साफसफाई करताना म्या बघितलं.”

धम्मरत्नने टॉवेल हातावर नीट ओढून घेतला.

“लोक चाल ऐकत न्हाईत, कस्तुरा,” तो म्हणाला. “हात बघतेत. गेटवर सही करताना बी हातच बघतेत.”

नळ चालूच राहिला. विजयश्रीने पानाच्या डोक्यावर जाऊन ‘वादक’च्या रकान्यातलं आपलं नाव मागून एकेक अक्षर पुसलं. रकाना रिकामा झाला. तिथे दुसरं नाव लिहायला तिची बोटं वर आली आणि थांबली. तिने लॅपटॉप पप्पांकडे वळवला, उठून नळ बंद केला आणि स्नेहसंमेलनात उभी राहिली होती तशी खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. आवाज मात्र तसा निघाला नाही.

“मम्मी, पप्पा, मी ठरवलंय. देहूरोडला पाच चाली मी वाजवीन. ही नाही. हिच्या वेळी मी पप्पांच्या डाव्या बाजूला बसणार, आणि कुणी हाताकडे बघायला लागलं, तर मी त्याच्याकडे बघत राहणार.”