बाणातला ण

उतारवयात माणसाला शाळेत घालू नये. लहानपणी छडी लागते ती हाताला, म्हातारपणी लागते ती जिवाला. काशी भुवडबाईंना सत्तावन्नाव्या वर्षी शाळेत घातलं, आणि घातलं कोणी, तर त्यांच्याच हाताखाली धुळाक्षरं गिरवून गेलेल्या रघूने.

रघू आता मुंबईला, गावच्या मुंबईकर मंडळाचा सेक्रेटरी. गणपतीला आला तो हातात खोकं घेऊनच. खोक्यात टॅब. मंडळातर्फे शाळेला भेट. नारळ फुटला, फोटो निघाले, टाळ्या वाजवायला माणसं कमी पडली म्हणून फोटो काढणाऱ्यानेच दोन वाजवल्या. शाळेचा पट म्हणाल तर दोन. तिसरीत तेजस्वी, ती रघूचीच पोर, आजीजवळ ठेवलेली. पहिलीत दीपाली, तिला अजून नाक पुसायचं शिकवावं लागे. दोघींना मिळून एक बाई, आणि खिचडी शिजवायला सोनूबाई, म्हणजे रघूची आई. देवरूखचा बाजार मागे टाकून चढत गेलं की ही शेवटची वाडी. तिच्यापुढे एसटीसुद्धा जात नाही, मग अक्कल कुठून जाणार?

फोटो झाल्यावर रघूने बाईंना बाजूला घेतलं. टॅबवर पोर वाचते, टॅब ऐकतो आणि बरोबर-चूक सांगतो, असं समजावलं. तेजस्वीचा निकाल दिवाळीपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर टाका म्हणाला. बरा आला तर पोर चौथीपर्यंत इथेच राहील, नाहीतर तो तिला मुंबईला नेणार.

"राग नको, बाई," तो म्हणाला. "पहिल्या नोकरीत मी 'पानी' म्हटलं तर सगळे हसले. अजून हसतात. पोरीला नको ते."

पोर गेली की पटावर एक दीपाली उरते, आणि एका पोरीसाठी कोणी शाळा ठेवत नाही, हे त्यांना रघूने सांगायला नको होतं. शाळा गेली तर त्यांना दुसरीकडे कुठेतरी खुर्ची मिळालीच असती. पण घरी जाऊन करायचं काय? केरू, त्यांचा नवरा, जाऊन नऊ वर्षं झाली. पोरबाळ नाही. सकाळी वाटीभर भात टाकायचा, तो संध्याकाळपर्यंत पुरवायचा. मांजर होतं, तेही पलीकडच्या घरी मासळी असते म्हणून तिकडे राहायला गेलं. मांजराला नावं ठेवून उपयोग नाही, माणसंही त्याच वाटेने गेलीत.

देवरूखला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवायला ऋत्विक नावाचा मुलगा, वय वर्षं पंचवीस, दर वाक्याला "मॅडम, सोप्पं आहे." ज्याला येतं त्याला सगळंच सोपं असतं. बाई बोट टेकवत आणि टॅब ढिम्म. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तरी ढिम्म. ऋत्विकने त्यांचं बोट बघितलं आणि हसला. तेहतीस वर्षांचा खडू त्या बोटात मुरला होता, कातडी कोरडी ठणठणीत, काचेला ती माणसाची वाटेचना. मग बाईंनी पुस्तकाचं पान उलटताना लावतात तसं बोट जिभेला लावलं आणि टेकवलं. टॅब उघडला. बाजूच्या तरुण बाया तोंडाला पदर लावून हसल्या, म्हणजे ओढणी लावून, पदर आता कोणाकडे आहे. बाईंनी पुढचा सगळा दिवस तसाच काढला, बोट जिभेला, बोट काचेला, आणि संध्याकाळपर्यंत शिकायचं ते शिकून उठल्या. हसणाऱ्या दोघी अजून पासवर्ड शोधत होत्या.

टॅबमध्ये एक बाई बोलायची. "नमस्कार, तेजस्वी. वाचूया?" आवाज इस्त्री केलेला. पोरींनी तिचं नाव काचेतली बाई ठेवलं. तिच्यापुढे वाचायचं ते शाळेत, पण निकाल रेंजशिवाय उतरत नसे, आणि रेंज अख्ख्या वाडीत एकाच जागी, सहाणेवर. शिमग्यात देवाची पालखी टेकवतात तो दगडी चौथरा. तिथे पायात चपला घालून कोण चढणार? म्हणून बाई चपला खाली काढत, टॅब दोन्ही हातांत धरत आणि वर जात. सोनूबाईने बघितलं आणि लागलीच वाडीभर केलं की बाई कौल लावायला निघाल्या. देवाला कौल लावतात, उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. टॅबचंही तसंच, हिरवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. दुसऱ्या दिवसापासून निकाल हा शब्दच गेला. उजवा काय डावा, एवढंच विचारत.

पहिला कौल डावा आला. धडा होता राणीचा आणि विहिरीचा. तेजस्वीने तो घडाघड वाचला, कुठे अडली नाही की कुठे गिळला नाही. सहाणेवर जाऊन बघितलं तर 'आणि' लाल, 'राणी' लाल, 'पाणी' लाल, 'कोण' लाल. जिथे जिथे ण, तिथे तिथे रक्त.

"बाई, काचेतली बाई बहिरी हाय काय?" तेजस्वीने विचारलं.

बाईंनाही तेच वाटलं. पोरीला घरी पाठवलं आणि त्या एकट्याच सहाणेवर बसल्या. पोरीचं राहू दे, आपण वाचून बघू. आपल्या नावाचं खातं उघडलं, राणीचा धडा काढला, घसा साफ केला आणि वाचला. वाचला कसा, तर डेप्युटी तपासणीला आल्यासारखा. काचेतली बाई क्षणभर थांबली.

'आणि' लाल. राणी लाल. पाणी लाल.

बाईंनी बोट पुसलं, टॅब पदराने पुसला, पुन्हा वाचलं. पुन्हा लाल. तेव्हा त्यांनी आपलाच आवाज लावून ऐकला. तशी सोय त्यात असते, माणसाला छळायच्या सोयी त्यात पुष्कळ असतात. त्या आवाजात राणी नव्हती. रानी होती. तो आवाज काशीचा नव्हताच, काशीच्या आईचा होता. चुलीकडून हाक मारणारा, पानी आन गो म्हणणारा.

असं कसं झालं? रत्नागिरीला मास्तरकीच्या कॉलेजात असताना सरांनी ह्याच काशीला वर्गापुढे उभं करून बाणातला ण शंभरदा म्हणवून घेतला होता. वर्ग हसत होता. काशी रडली नाही. खोलीवर येऊन आरशापुढे जीभ उलटी वळवत बसली आणि महिन्याभरात असा ण आणला की सासरी जावा तिला मामलेदारीण म्हणू लागल्या. केरूसुद्धा थट्टेने म्हणायचा, बाणवाल्या बाई, जेवण वाढता का? तो म्हणे तोवर तो ण जाग्यावर होता. मग केरू गेला. घरात शब्द बोलायला कोण उरलं? भातासमोर कोणी जीभ वळवून बोलत नाही. शाळेत ज्या दोन पोरी, त्याही रानीवाल्या. कोयता वापरला नाही तर गंजतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण ज्याचा गंजतो त्याला तो कधी गंजला ते कळत नाही. नऊ वर्षांत बाईंना कोणी सांगितलं नाही, कारण नऊ वर्षांत बाईंचं नीट ऐकलंच कोणी नव्हतं. ऐकलं ते पहिल्यांदा ह्या काचेने.

त्यांनी सहाणेवरूनच ऋत्विकला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, टेन्शन नको, मुलीच्या नावावर तुम्हीच वाचून टाका, कोण बघतंय?

"मी वाचलं तर ती नापासच होईल," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. तो मेला हसत राहिला असेल, त्याला थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून आरसा आणला. केरूचा, दाढीचा, एका कोपऱ्याला टवका गेलेला. तेजस्वीला पुढ्यात बसवलं आणि आपल्यालाही डावा कौल आल्याचं सरळ सांगून टाकलं. दुसरी कोणी असती तर लपवलं असतं. पोर आधी बघत राहिली, मग हसली, मग जवळ सरकली. बाई आपल्यासारख्याच नापास आहेत म्हटल्यावर तिला बाई आवडायला लागल्या.

मग दोघी एका आरशात तोंडं घालून बसत. जिभेचं टोक वर, मागे, टाळूला लाव आणि सोड. फणस. कणीस. उन्हाळ्याच्या आठवणी. तेजस्वीचं चार दिवसांत येऊ लागलं, बाईंचं येऊन परत जाई. पोर आरशात बोट दाखवून सांगे, "बाई, जीभ पडली तुमची." आणि बाई आज्ञाधारकपणे जीभ उचलत. दीपाली मधेच येऊन आरशाला जीभ दाखवून जाई, तिला तो जीभ दाखवायचा तास वाटे. शाळा सुटली की सहाणेपर्यंत दोघी चालत जात, दोघींच्या चपला खाली शेजारी शेजारी. एरवी पाच वाजता दाराला कडी घालणाऱ्या बाई सहा वाजले तरी तिथेच असत. त्या पंधरा दिवसांत त्यांनी घरी दोनदा वाटीऐवजी दीड वाटी भात टाकला. भूक लागायची, बोलून बोलून.

सोनूबाईला हे थेर पसंत नव्हते. खिचडी ढवळता ढवळता ती म्हणाली, "फनस म्हनून खाल्ला तर काय कमी गोड लागतो?"

"गोड तेवढाच लागतो गो, सोनूबाई. पण पोर जाते त्यापायी."

सोनूबाईचा डाव थांबला. लेकाने आईला हे सांगितलं नव्हतं. लेक आईला सांगतात काय, ते तरी कोणाला सांगता येईल? तिने खिचडी उतरवली आणि मग बाईंच्या ताटात एक डाव जास्त टाकला. त्यानंतर ती टोचून बोलली नाही. उलट सहाणेवर जाताना बाईंच्या हातात एक जास्वंदीचं फूल द्यायला लागली. टॅबला फूल कसलं वाहायचं? बाई ते चौथऱ्याच्या कडेला ठेवत.

दिवाळीला आठ दिवस असताना तेजस्वीने राणीचा धडा वाचला. बाईंनी टॅब वर नेला. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग उतरलं. 'आणि' हिरवा. राणी हिरवी. पाणी हिरवं. शब्दाला शब्द, खालपर्यंत, लावणीनंतरच्या शेतासारखं हिरवंगार.

"उजवा," बाई म्हणाल्या. पोर खाली उडी मारून, चपला हातात घेऊन आजीला सांगायला धावली. बाईंनी बोट जिभेला लावलं आणि निकाल, आवाजासकट, मंडळाच्या ग्रुपवर टाकला. चुकलं नाही कुठे. एवढं त्यांना आता येत होतं.

रघूचा फोन दुसऱ्या दिवशी आला. बाई मुद्दाम वर जाऊन बसल्या होत्या. ग्रुपवर चाळीस जणांनी ऐकलं म्हणाला, कोणाला खरं वाटेना आपल्या वाडीची पोर आहे म्हणून. मग म्हणाला, "मी इकडच्या शाळेत ऐकवलं, बाई. वर्गाचा पट भरलेला, तरी हेडबाईंनी लगेच घेतलं तिला. दिवाळी झाली की नेतो."

बाईंना वाटलं रेंज गेली.

"तू म्हणालास बरा आला तर ठेवीन."

"म्हनालो होतो. पन बाई, एवढी हुशार निघाली, आता तिथं ठेवून तिचं नुकसान नको. तुमचे उपकार हायत."

त्याचे सगळे न बाईंना ऐकू आले. एकेक. तो बोलत होता तो त्यांच्या आईचाच आवाज होता. "पोरीला सांभाळ," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. लाल आला असता तर पोर लाल म्हणून गेली असती. हिरवा आला, हिरवी म्हणून गेली. देवाचा कौल तरी दोन तऱ्हेचा असतो.

सोनूबाईला कळलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. लाकडं पुढे सारत म्हणाली, "तुम्ही नसतं शिकवलं तर?"

"तरी नेली असती."

"मग कशाला शिकवलंत?"

बाईंनी बाहेर आलेलं एक लाकूड आत ढकललं. मग म्हणाल्या, "वाचायला बसली होती ना माझ्यापुढे."

तेजस्वी गेली. जाताना आरसा मागितला. बाईंनी दिला. केरूची ती शेवटची वस्तू घरात राहिली होती, पण हात पुढे आल्यावर मागे घेणं बाईंना कधी जमलं नाही.

पुढच्या सोमवारी शाळा भरली. दीपाली आली, दप्तर ठेवून आपल्या जागी बसली आणि शेजारच्या जागेकडे बघितलं. बाईंनी हजेरी घेतली. नाव एकच, तरी उभं राहून घेतली. मग टॅब काढला, बोट जिभेला लावलं. काचेतून आवाज आला.

"नमस्कार, तेजस्वी. वाचूया?"

ते नाव काढायचं कसं, हे ऋत्विकने फोनवर सांगायला घेतलं होतं. बाईंनीच मध्ये रेंज नाही म्हणून फोन ठेवला होता. आज बाहेर कातळावर ऊन चांगलं पडलं होतं आणि सोनूबाईने दोघींपुरती खिचडी ठेवली होती, पण झाली तिघींपुरती, तिच्या हाताला अजून सवय नव्हती.

दीपालीने टॅबकडे मान नेली. "ती गेली," तिने काचेला सांगितलं. "मुंबैला."

टॅब थांबला. वाट बघून म्हणाला, "आवाज आला नाही. पुन्हा बोला."

बाईंनी खडू खाली ठेवला. जीभ वर नेली, टाळूला लावली, आणि सोडायच्या आधीच खाली पडू दिली.

"कोन नाय गो इथं," त्या म्हणाल्या. "मी हाय."