भर दुपारी पोचलेला गवा

राखण करून करून नंदिगड्ड्याजवळच्या त्या वाडीतली माणसं बोलता बोलता पेंगायची. भात पिकायला आलं की रानातनं गवे उतरतात, मग प्रत्येक घरातल्या कुणीतरी शेतातल्या उंच माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा. रुक्माक्काच्या घरात माणूस एकच, ती स्वतः. घर अन् शेत खाली ओढ्याकाठी, रानाला चिकटून. वर्षाचा तांदूळ तेवढ्यातनंच निघायचा.

बेळगावात प्रोग्रामिंग करून वैतागून परत आलेल्या प्रज्योतनं यावर तोड काढली. एक वेबसाइट, तिच्यात एकच बटण: ‘गवा आला’. दाबलं की सगळ्या वाडीचे फोन बोंबलणार.

“आनी खाली ओढ्याला रेंज न्हाई, त्याचं काय?” परशूमामांनी जांभई देत विचारलं.

“मामा, निरोप फोनातच रांगेत बसतोय. रेंज घावली की मागच्या मागं आपोआप जातोय. तुमी फोन बंद करून झोपलात तरी पोचेपत्तोर सोडत न्हाई.”

“म्हंजे तुझ्या आज्जीगत.”

“पण हरवणार न्हाई, येवढं माझ्याकडं लागलं.”

हरवू नये याची त्यानं एवढी काळजी घेतली, की गवा कधी आला ती वेळ निरोपात टाकायचीच राहून गेली.

त्या रात्री रुक्माक्का बटणाच्या भरवशावर माळा सोडून घरात आडवी झाली. पहाटे जाग आली, बघते तर बांधावर गवा. तिनं बटण दाबलं. आता या डोंगरात एक रीत आहे. इकडनं ‘कूऽऽ’ घातली की पलीकडनं ‘ओऽऽ’ येईपर्यंत थांबायचं नाही. फोन काही ओ देईना. तिनं परत दाबलं. परत दाबलं. अंगठा दुखला तसा तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला, डबा बडवला, गवा आला तसा गेला. सकाळची बस धरून ती सुकं मासं आणायला रामनगरच्या बाजाराला निघून गेली.

दुपारी बाजार उरकून तिनं फोन चालू केला, रेंज आली अन् पहाटेची सगळी रांग एकदम सुटली.

वाडी जेवून लवंडली होती. फोन कोकलायला लागले. ‘रुक्माक्काच्या शेतात गवा.’ ‘रुक्माक्काच्या शेतात गवा.’ थांबेचनात.

“अरे, कळप हाय, कळप!” अर्जुन पायात उलटी चप्पल घालत ओरडला. “फोन एकेक मोजतोय बघा!”

डबे, ढोल, कुत्री घेऊन सगळे खाली पळाले. शेतात शुकशुकाट.

“येवढे गवे गेले कुटं?”

“भातात बसल्यात दडून!”

झोपमोड झालेल्या माणसांना हे पटकन पटलं. ओळ धरून सगळे भातात शिरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ढोल वाजवत गेले. काही सापडलं नाही म्हणून आडवेही गेले.

परतीच्या बसनं उतरून रुक्माक्का शेतावर आली. पिशवी हातातच राहिली.

“अक्का, भिऊ नको. कळप पळवला आमी,” परशूमामा धापा टाकत म्हणाले.

“कसला कळप? पहाटंचं एकच आल्तं. डबा बडवला, गेलं. बांधाच्या आत पाय न्हाई टाकला त्यानं.”

“मग येवढे निरोप?”

“कुनी ओ देईना, मग काय करू? दाबत बसले!”

सगळ्यांनी प्रज्योतकडं बघितलं. “वेळ टाकायला पायजे हुती,” तो पुटपुटला. “आनी तेच ते परत आलं तर एकदाच धरायचं... दुरुस्त करतो, अक्का.”

“ते कर सावकाश.” आडव्या झालेल्या भाताकडं बघत ती म्हणाली. ओरडायचं त्राणही तिच्यात नव्हतं. “त्या कोपऱ्यात थोडं उभं हाय. कापनीपत्तोर ते तू राख. मी झोपते.”

तिन्हीसांजेला प्रज्योत माळ्यावर चढला. अंधारायच्या आतच झाडी हलली. त्यानं बटण दाबलं. निरोप मुकाट फोनात जाऊन बसला.

त्यानं ‘कूऽऽ’ घातली.

वर वाडीत परशूमामांनी कूस बदलली. “दुपारचंच असंल, आत्ता पोचलं,” ते म्हणाले आणि घोरायला लागले.

“कूऽऽ!”

रुक्माक्काच्या घरातनं ओ आली नाही. पोरीबाळींच्या वयात झोपायची तशी ती झोपली होती.

गव्यानं बांधावर पाय ठेवला. प्रज्योतनं फोन खिशात घातला अन् डबा उचलला.