मी राउटर, वकारच्या बाजूचा साक्षीदार

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. मी एक जुना राउटर आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. लातुरात भुजंग सरांच्या क्लासमध्ये भिंतीवर टांगलेला असतो. दीडशे मुलांच्या ऑनलाइन चाचण्या माझ्यातून जातात, पण माझ्यावरची धूळ पुसायला एकजण सोडला तर कुणाला सवड नाही.

संशय माझ्या अंगातच आहे, कारण मला घडवलंच तसं. माझ्या आत पुष्कळ छोटे कामकरी राहतात. जाणकार त्यांना प्रोसेस म्हणतात. एक संगणकांना पत्ते वाटतो, एक वाट शोधतो, एक दारावर बसून येणाऱ्याला हटकतो. प्रत्येकाला वेगळी खोली. दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही म्हणजे नाही! सांगायचं ते मधल्या फळ्यावर लिहायचं. सगळ्यांवर एक मुकादम. कुणी पडला की मुकादम त्याला एकट्यालाच उठवतो, तो फळा वाचून काम पुढं नेतो आणि शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. कोण पडला, कधी उठला, सगळं मी नोंदवून ठेवतो.

मला इथं बसवलं क्लासचं वायरिंग आणि इंटरनेट बघणाऱ्या वकारनं. पुसायचाही तोच. "सर, याची बॅटरी गेली हाय, बदलून टाकू," असं तो तीन महिने सांगत होता. सर म्हणायचे, "चालून राहिलं ना? मग ऱ्हाऊ दे."

मग मोठ्या चाचणीचा दिवस आला. अकरा वाजून सतरा मिनिटांनी मी बंद पडलो. संगणक आपापल्या बॅटरीवर चालू राहिले, पण मला उठायला चार मिनिटं लागली आणि तेवढ्यात दीडशे मुलांचा पेपर बुडाला. साक्षी नावाची मुलगी तर रडायलाच लागली.

सर तावातावानं आले. वकारची बहीण कशिश समोरच्या क्लासला जाते, एवढं त्यांना पुरलं. सगळ्या मुलांदेखत त्यांनी वकारची पिशवी जमिनीवर पालथी केली. पक्कड, वायर, जेवणाचा डबा.

"समोरच्या क्लासवाल्यांनी फितवलं तुला! हे बघ, राउटरच्या नोंदीत लिहून हाय. अकरा दहाला पत्ते वाटणारा बंद पडला. तूच पाडलास!"

वकारचा चेहरा उतरला. इथले क्लासवाले एरवी भांडतील, पण कामाच्या माणसाबाबत एकमेकांना धरून. एकानं बदमाश म्हटलं की दुसरा दारात उभं करत नाही. अहो, खाली वाचा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठंय?

शेवटी वकारनंच वाचलं. "सर, फुडची ओळ बघा. तो दोन सेकंदांत उठला बी. सगळं बंद झालं अकरा सतराला, आन् कारण लिहिलंय, वीज गेली."

"वीज कुठं गेली? पंखे तर फिरत होते!"

जिना झाडणाऱ्या साखराबाई दारातच थांबल्या होत्या. "अवो सर, शेजारी बोअरची गाडी सुरू झाली, फरशी हादरली, तवा मेन खटका तुमीच पाडला न्हाई का? आन् लगीच वर केला."

सरांनी मेन खटक्याकडे पाहिलं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं घर बसलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना काकांनी शिकवलं होतं, जमीन हलली की आधी खटका पाडायचा, मग पळायचं. तेव्हापासून हात आपोआप जातो, त्यांना कळतही नाही. त्या क्षणभरात पंखे फिरतच राहिले. माझी बॅटरी मेलेली, मी पडलो.

"वकार, चुकलं माझं," सर सगळ्यांसमोर म्हणाले आणि खाली बसून एकेक वस्तू पिशवीत भरू लागले. माझी बॅटरी दुसऱ्याच दिवशी बदलली.

मित्रांनो, जुन्या यंत्राची वेळेवर काळजी घ्या. संशय खुशाल घ्या, मीही घेतो. पण बोट दाखवण्याआधी नोंद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. माझा मुकादम पडलेल्याला दोन सेकंदांत उठवतो. माणसाला किती वेळ लागतो, ते मला अजून कळलेलं नाही.

कारण वकार आजही येतो, मला पुसतो, काम करतो. पण जाताना पिशवी उघडून सरांसमोर धरतो. सर "नको रे, नको" म्हणतात, तरी धरतो.