जावईबापूंच्या हातातला मोबाइल

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेचा कोपरा तडकलाय, पाठीला रबरबँड आहे आणि डोकं कायम तापलेलं. बॅटरी खराब झालीय म्हणून तापतं, असं लोक म्हणतात. म्हणू देत. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचंही तापलं असतं.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, पुसलं आणि खोक्यात निजवलं. तिथून मी आलो तो थेट या दुकानात. इथे तान्ह्या बाळांच्या खाटा बनतात. मागच्या खोलीत मिस्त्री रंधा मारतात, पुढे गल्ल्यावर मालकीणबाई बसतात. बाईंनी मला फार नीट वागवलं. एका बोटाने टाइप करायच्या, पण खाट तयार झाली की दुकानाच्या पेजवर एकच फोटो आणि खाली माप. कोणी काही विचारलं की हातातला चहा बाजूला ठेवून उत्तर द्यायच्या. "खिडकीखाली मावेल का?" "मावेल. पण तिथे ठेवू नका, बाळ उभं राहायला लागलं की चढेल." असली उत्तरं वाचून लोक दुकान शोधत यायचे. "हा म्हणजे माझा उजवा हात," असं बाई चारचौघांत म्हणायच्या, आणि मी फुगायचो.

मग बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी जावईबापूंच्या हातात गेलो.

माणूस वाईट नाही हो. हौशी आहे. पण हौसेला काही माप? उठल्या उठल्या शुभेच्छा. मग फुलाचा फोटो. मग "तुमचा आवडता रंग सांगा आणि दहा मित्रांना टॅग करा". अरे, आपण खाटा विकतो ना? लोकांच्या रंगांचं काय लोणचं घालायचंय? प्रत्येक पोस्टच्या शेपटाला हॅशटॅगची ही भलीमोठी माळ. गिऱ्हाइकांच्या बाळांचे फोटो न विचारता उचलायचे. दुसऱ्या दुकानांच्या पेजवर जाऊन टोमणे मारायचे. आणि कहर म्हणजे स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावरून आपल्या पोस्टखाली लिहायचं, "वा, काय सुरेख दुकान!" जसं काही कोणाला कळतच नाही. दोन्ही खाती माझ्याच पोटात आहेत, मला कळत होतं.

मिस्त्री कुरकुरायचे. "बाई, तुम्ही बोला ना त्यांना."

"जावयाला कसं बोलणार? उद्या मुलगी म्हणेल, माझ्या नवऱ्याचा अपमान केला."

झालं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी तयार नाही, आणि मांजर बसलंय माझ्या छातीवर.

त्या सुमारास खाटांना नवीन खिट्ट्या बसवल्या होत्या. खाटेचा एक कठडा खाली सरकतो. तो वर अडकवून ठेवते ती खिट्टी. एके दिवशी पेजवर एका आईची कमेंट आली. "कठड्याची खिट्टी आपोआप सुटते. माझं बाळ पडता पडता वाचलं. बाकीच्यांनाही कळवा."

जावईबापूंनी ती वाचली आणि पुसून टाकली. पेजची शोभा जाते म्हणे. तिने फोन केला, तर "बघतो" म्हणाले आणि बघितलं काहीच नाही. तिने परत लिहिलं, तर तिला ब्लॉक केलं. आणि लगेच नवी पोस्ट टाकली, "बाळाच्या शांत झोपेसाठी फक्त आमचीच खाट!" मला त्या दिवशी तोंड असतं ना, तर मी भर दुकानात ओरडलो असतो. पण मी आपला गरम होत राहिलो.

त्याच खेपेतली एक खाट जावईबापूंच्या घरी गेली. त्यांची लेक नुकती बसायला लागली होती. कठडा धरून हसतानाचा तिचा फोटो त्यांनी दुकानात बसल्या बसल्या टाकला. "आमची राजकन्या, आमच्याच खाटेत." खाली लाइकचा पाऊस. आणि त्यात एक कमेंट.

"मी तीच. तुम्ही ब्लॉक केलंत म्हणून नवऱ्याच्या खात्यावरून लिहितेय. फोटोत तीच खिट्टी दिसतेय. बाळाला आधी उचला. मग हवं तर हेही पुसा."

जावईबापूंचा अंगठा सवयीने पुसायलाच निघाला होता. तो मधेच थांबला. ओला झाला होता, मला जाणवलं. मग त्यांनी घरी फोन लावला.

"छकुली कुठे आहे?"

"खाटेत. का हो?"

"उचल तिला. आधी उचल, मग सांगतो."

 मग छकुलीचं रडणं जवळ आलं, आणि मागोमाग खट्ट असा आवाज. "अहो, मी नुसता हात टेकला तर हा कठडा खालीच आला."

 आत रंधा थांबला. जावईबापूंनी मला मालकीणबाईंच्या हातात दिलं आणि सगळं आपल्या तोंडाने सांगितलं. "आई, तिने आधीच कळवलं होतं. मी पुसलं."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "जावईबापू, मान राखायचा म्हणून इतके दिवस मी गप्प बसले. ती माझी चूक. पुसलंत ती तुमची. आता लिहा."

त्यांनी सुरुवात केली, "काही तांत्रिक कारणांमुळे..."

"कारण कोणाला हवंय? खिट्टी खराब आहे. बाळाला त्या खाटेत ठेवू नका. आम्ही घरी येऊन बदलून देऊ. एका आईने सांगितलं होतं, ते आम्ही पुसलं. बास."

तेवढंच गेलं. फूल नाही, हॅशटॅग नाही. लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या. जावईबापूंनी एकही पुसली नाही, प्रत्येकाला उत्तर दिलं. मिस्त्री पिशवीत खिट्ट्या घेऊन दारोदार फिरले. त्या आईचं ब्लॉक काढलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "बाळ कसं आहे?"

 जावईबापूंनी एका बोटाने, सासूबाईंसारखं हळूहळू लिहिलं, "बरी आहे. तुमच्यामुळे."

खोड काही एकदम जात नाही. काल परत फुलाचा फोटो काढायला घेतला होता. बाईंनी नुसतं चष्म्यावरून बघितलं, तेव्हा राहिला.

मित्रांनो, माझे थोडेच दिवस उरलेत. उद्या तुम्ही दुकान काढाल, पेज काढाल, खुशाल काढा. मला पुसून स्वच्छ ठेवा, रात्रभर चार्जिंगला लावू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. पण पेजवर कोणी तुम्हाला खिट्टी सुटतेय म्हणून सांगितलं, तर आधी बाळ उचला.