वर राहिलेला डबा

सभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जयवंतीच्या लक्षात आलं की आपलं लग्न एका कोंबडीवर अडलेलं आहे.

ती कोंबडी एव्हाना कुणाच्या तरी रश्श्यात जाऊन वर्ष उलटलं असणार. पण बोईसरच्या शाळेच्या हॉलमध्ये, घाम पुसत बसलेले बाप्टिस्ट मंडळी संघाचे प्रतिनिधी तिच्याविषयी असं बोलत होते, जणू ती बाहेर व्हरांड्यात साक्षीसाठी थांबली आहे. शेवटी अध्यक्षांनी, म्हणजे नगरकडचे निवृत्त मुख्याध्यापक झुंबर मास्तर यांनी, कोंबडीचा प्रश्न पोटसमितीकडे सोपवला आणि चहाची सुटी दिली. जयवंती चहा गाळायला उठली. ती पालघर मंडळीची, म्हणजे तिथल्या चर्चची, रीतसर प्रतिनिधी होती, तिला मत होतं, पण चहाही तिलाच गाळायचा होता. त्यावर कुणी ठराव मांडला नव्हता.

मूळ प्रकार गेल्या वर्षी ईस्टरनंतरचा. भगवंत, म्हणजे जयवंतीचा ठरलेला नवरा, एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. मुलगा सरळ, पगार बरा, हात मात्र कोपरापासून खाली आठवड्याला वेगळ्या रंगाचे. जयवंतीचे वडील शांताराम यांची अट एकच होती: जावई बाप्तिस्मा घेतलेला पाहिजे. आणि बाप्टिस्टांचा बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब शिंपडून भागत नाही. जाणत्या माणसानं स्वतः विश्वासाची कबुली द्यायची आणि अख्खं पाण्याखाली जायचं. भगवंतची विश्वासाबद्दल काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती पाण्याबद्दल. लहानपणी वाणगावला आजोळच्या विहिरीत पडल्यापासून बादलीपेक्षा खोल कशावरच त्याचा भरवसा उरला नव्हता. तरी जयवंतीसाठी तो तयार झाला.

सातपाटीच्या किनाऱ्यावर होड्या आणि वाळत घातलेले बोंबील यांतून माणसाला बुडायला जागा मिळेना, म्हणून खाडी ओलांडून मुरब्याच्या वाळूवर जायचं ठरलं. महादू कोळ्याच्या होडीत भगवंत, चर्चचे पाळक कमलाकांत आणि पलीकडे पोचवायची म्हणून महादूनं टोपलीत घेतलेली ती कोंबडी. बाकीची मंडळी काठावर, पुढच्या खेपेची वाट पाहत. होडीत भगवंतचे दात वाजायला लागले. त्याला धीर यावा म्हणून पाळकसाहेब म्हणाले, घाबरू नकोस, कसं करायचं ते आधीच दाखवतो. ते उभे राहिले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळं वाक्य खणखणीत म्हटलं: "भगवंता, तुझ्या विश्वासाच्या कबुलीवरून मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. आमेन."

आमेनला होडी उलटली.

काठावरून जयवंतीनं पाहिलं ते असं: होडी नाही, पाळक नाही, महादू नाही, कोंबडी नाही. सपाट पाण्यातून वर आलेला फक्त एक राणी रंगाचा हात, आणि त्या हातात तिनं सकाळी करून दिलेल्या कोलंबीच्या खिचडीचा डबा. हात बुडत होता, डबा नव्हता. महादूनं सगळ्यांना बाहेर काढलं तेव्हा भगवंत बोलण्याच्या स्थितीत नव्हता, पण खिचडी कोरडी होती.

संध्याकाळी शांतारामांनी विचारलं, "झाला?" आणि कुणालाच उत्तर देता येईना.

गोधडीत कुडकुडत भगवंत म्हणाला, झाला नसेल तर मी परत बुडतो. एवढ्यावर विषय मिटायला हवा होता. पण पाळकसाहेबांना संघाचा नियम आठवला. बाप्तिस्मा एकदाच. दुसऱ्यांदा जाणूनबुजून घेतला-दिला तर दोघांचंही सभासदत्व रद्द. म्हणजे पहिला झाला नव्हता हे ठरल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि पहिला झाला होता हे ठरल्याशिवाय लग्न लागत नाही. ठरवणार कोण, तर वार्षिक सभा. गेल्या वर्षीच्या सभेत हा विषय मटणाच्या जेवणानंतर आला. तोवर निम्मे प्रतिनिधी गाडी पकडायला स्टेशनवर आणि उरलेले निम्मे खुर्चीतच झोपलेले. विषय वर्षभर पुढे गेला.

वर्षभर जयवंतीची दोन नवी पातळं घडी न मोडता पेटीत पडून राहिली. भगवंत दर रविवारी प्रार्थनेला यायचा आणि बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणारी प्रभुभोजनाची भाकर त्याच्या ओळीपाशी आली की वाढणारा माणूस घुटमळायचा. मग भगवंत स्वतःच उठून बाहेर चपला नीट लावत बसायचा.

या वर्षी हॉलचे सरळ दोन तट पडले. 'झाला' म्हणणाऱ्यांच्या पुढारी डहाणूच्या रत्नाबाई. त्यांचं म्हणणं, वाक्य पूर्ण, पाणी पूर्ण, माणूस तयार, आणखी काय पत्रिका छापायच्या होत्या? 'नाही झाला' वाल्यांचे पुढारी शांताराम. स्वतःच्या मुलीचं लग्न लांबवायला इतकं मुद्देसूद बोलणारा बाप जयवंतीनं पाहिला नव्हता, आणि तोच नेमका तिच्या वाट्याला आला होता. शांताराम म्हणाले की हात वर राहिला होता. संपूर्ण बुडी म्हणजे संपूर्ण बुडी. रत्नाबाई म्हणाल्या की मन तर बुडालं होतं. मग हात हा शरीराचा भाग धरायचा की डब्याचा, यावर जेवणाची वेळ झाली.

पाळकसाहेबांना विचारलं की वाक्य म्हणताना तुमचा हेतू काय होता. ते प्रामाणिक गृहस्थ. म्हणाले, सुरुवातीला दाखवण्याचा होता, पण म्हणता म्हणता थोडा खरा झाला. किती खरा, असा प्रश्न आला. साधारण निम्मा, म्हणाले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या.

मग महादूला साक्षीला बोलावलं. तो मासे विकायला बोईसरला आला होता, त्याला तसाच धरून आणला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं:

"मी पन बुडलो. दोन्ही हात घेऊन बुडलो. मंग माजं काय? बायको वर्षभर इचारते हाय, तुमी नक्की कोन?"

असा विचार कुणी केला नव्हता. रत्नाबाई म्हणाल्या, वाक्यात नाव भगवंतचं होतं, महादूचं नव्हतं. त्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, नाव घेतल्यानं काय होतं, पाणी तर तेच, मग कोंबडीचं काय? इथून पुढे दुपारचे सगळे प्रतिनिधी कोंबडीत गेले.

चहानंतर पाळीपाळीनं बोलायचं ठरलं. जयवंतीची पाळी आली तेव्हा तिच्या हातात अजून गाळणं होतं. तिनं खिडकीशी बसलेल्या भगवंतकडे पाहिलं. या खेपेला त्याचे हात पोपटी होते आणि ते त्यानं मांडीखाली दाबून धरले होते, जणू सगळा गुन्हा त्यांचाच.

"तुम्हाला एवढंच वाटत असेल," ती म्हणाली, "तर सगळे जाऊन होडीत बसा आणि बघून या."

तिला म्हणायचं होतं की माझ्या डोळ्यांसमोरून जा. पण झुंबर मास्तरांनी ती सूचना म्हणून वाचून दाखवली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच दोन्ही तटांनी एकदम अनुमोदन दिलं. जयवंतीनं गाळणं खाली ठेवलं. आता काही बोलण्यात अर्थ नव्हता.

दोन टेम्पो करून मंडळी खाडीवर पोचली. महादूनं सांगितलं, होडीत आठ माणसं मावतात. झालावाल्यांचे चार आणि न-झालावाल्यांचे चार अशी आठ भरली. मग निःपक्षपाती हवेत म्हणून चार, आणि त्या चौघांवर लक्ष ठेवायला दोन. वर अध्यक्ष, पाळक आणि महादू. महादूनं होडीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि धोतराचा काचा घट्ट केला.

भगवंतला होडीत बसू दिलं नाही. ज्याच्याबद्दल वाद आहे त्यानं चौकशीत भाग घेऊ नये, असं मास्तर म्हणाले. म्हणजे अख्ख्या संघात पाण्यात जायला वर्षभर तयार असलेला एकुलता एक माणूस, त्यालाच काठावर कोरडं उभं केलं. त्याच्या जागी बसायला शांताराम स्वतः पुढे झाले. डबाही तोच पाहिजे, असा रत्नाबाईंचा आग्रह होता. तो जयवंतीनं दिला. त्यात सकाळची खिचडी होतीच.

होडी काठापासून फार लांब गेलीच नाही. ओहोटीचं पाणी होतं, कमरेइतकं. पाळकसाहेब उभे राहिले, शांतारामांच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाक्य आटोपतं घ्यायला लागले. रत्नाबाईंनी हरकत घेतली. जसं झालं तसंच्या तसं. तेव्हा पाळकसाहेबांनी पहिल्यापासून, नाव बदलून, सगळं म्हटलं. पवित्र आत्म्यापाशी आल्यावर कोणता हात वर राहतो ते नीट दिसावं म्हणून दोन्ही तट आणि निःपक्षपाती एकाच बाजूला वाकले. महादू आमेनच्या आधीच उडी मारून मोकळा झाला होता.

एकेक डोकं वर यायला लागलं. मास्तरांची टोपी आधी आली, मग मास्तर. रत्नाबाईंचा अंबाडा सुटला होता. शांताराम उठले तेव्हा त्यांचे दोन्ही हात रिकामे होते आणि डबा सातपाटीच्या दिशेनं एकटाच निघाला होता. जयवंतीनं ते पाहून ठेवलं.

सगळे कमरेइतक्या पाण्यात उभे, ठिबकत. मग रत्नाबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, हे धरायचं का?"

मास्तरांना कळायला थोडा वेळ लागला. वाक्य पूर्ण झालं होतं. पाणी पूर्ण होतं. चुकून बुडालेलं चालत असेल, आणि मागच्या बाकाच्या म्हणण्याप्रमाणे नावाचीही गरज नसेल, तर ही सगळी मंडळी आत्ताच दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेऊन बसली होती, तीही ठराव करून, जाणूनबुजून. नियमाप्रमाणे सगळ्यांचं सभासदत्व रद्द. अध्यक्ष, दोन्ही तट, महिला मंडळ, सगळा संघ मुरब्याच्या खाडीत विसर्जित.

"सभा सुरू आहे," मास्तर पाण्यातूनच म्हणाले. "अपघातानं पाण्यात पडणं हा बाप्तिस्मा नव्हे. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

सगळे हात वर गेले. रत्नाबाईंचा सगळ्यात आधी. शांतारामांनी दोन्ही वर केले. घाईत महादूनंही केला.

जयवंती भगवंतकडे वळली. "ऐकलंत ना? नाही झाला. चला आता."

शांताराम म्हणाले, रीतसर तारीख काढू. मास्तर म्हणाले, आधी सूचना द्यावी लागते. जयवंतीनं पदर खोचला.

"पाळकसाहेब पाण्यात आहेत, मंडळी पाण्यात आहे. यापेक्षा भरलेली सभा तुम्हाला जन्मात मिळायची नाही. आता जो सुटी मागेल त्याचा चहा बंद."

भगवंतनं चपला काढून नीट शेजारी शेजारी लावल्या. घड्याळ काढून त्यांत ठेवलं. मग तो पाण्यात शिरला. घोट्याला पाणी लागलं तेव्हा थांबला, गुडघ्याला लागलं तेव्हा पुन्हा थांबला, आणि प्रत्येक वेळी मागे वळून न बघता पुढे गेला. जयवंतीही पातळासकट त्याच्यामागं गेली.

पाळकसाहेबांनी विचारलं, प्रभू येशूवर विश्वास आहे? आहे, तो म्हणाला. वाक्य म्हटलं गेलं, आणि या खेपेला त्यात निम्मंशिम्मं काही नव्हतं. पाळकांनी त्याला पाठीमागे झुकवून पाण्याखाली घेतलं.

आणि पोपटी हात आपोआप वर आला.

रिकामा हात, पाच बोटं मिटलेली, डबा धरल्यासारखी. शांतारामांचं तोंड उघडलं. त्यातून शब्द निघायच्या आत जयवंतीनं पुढे होऊन ते मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि पाण्याखाली दाबलं. नीट, तळापर्यंत.

भगवंत खोकत वर आला. डोळे उघडायच्या आधी त्यानं विचारलं, "हात?"

"आत होता," जयवंती म्हणाली. तिनं तो अजून सोडला नव्हता.

रत्नाबाईंनी घसा साफ केला. नवरीनं असा हात लावणं नियमात बसतं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"मावशी, ते पुढच्या वर्षी घ्या."

काठाकडे परतताना शांताराम तिच्या शेजारी आले. ओला सदरा पिळला. मग खाडीकडे बघत म्हणाले, "डबा गेला गं."

"तुम्ही सोडलात, बाबा," ती म्हणाली. "ह्यांनी सोडला नव्हता."