साक्षीत न आलेला पंप

काजवालीने गोळ्या घेणं सोडलं, हे इस्त्रीवाल्या ताईला दुपारी डबा खाताना कळलं, आणि तेही आनंदाची बातमी म्हणून.

"ताई, सगळ्यांत आधी तुलाच सांगते," काजवाली डब्याचं झाकण उघडत म्हणाली. "फिटच्या गोळ्या बंद. आता प्रभूच बघेल. सगळं पाकीट उचललं आणि कचऱ्यात टाकलं."

ताईचा घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

शिलाई कारखान्याच्या त्या लांबट खोलीत काजवाली मशीनवर शर्टांना बटणांची काजं पाडायची आणि पलीकडच्या भिंतीशी ताई तयार शर्टांवरून वाफेची इस्त्री फिरवायची. काजवालीला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या वेळेवर पोटात गेल्या की ती भली आणि तिचं काम भलं. एकदा गोळ्या चुकल्या, तेव्हा मशीनवरच फिट आली आणि सुई बोटातून आरपार गेली. मास्तरांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, पट्टी बांधता बांधताच बजावलं, "पुन्हा असं झालं तर घरी बसायचं." घरी म्हातारी आई आणि मिळवणारी ही एकटी.

अशा बाईला धीर नाही द्यायचा तर कुणाला? ताई देत आली. उपदेश तिला जमत नसे. माहेरचं बोलावं तशी ती शर्ट दुमडता दुमडता प्रभूचं बोलायची. सगळ्यांत जास्त बोलायची ती स्वतःच्या दम्याबद्दल.

"चार पावलं चालले की छातीचा भाता व्हायचा गं. प्रभूला हाक मारली. आता बघ, दिवसभर वाफेत उभी असते!"

रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे उभी राहून, प्रभूने कसं बरं केलं याची ती हीच साक्ष द्यायची. रोज सकाळ-संध्याकाळ ओढायच्या दम्याच्या पंपाचं नाव त्यात नसे. लपवायचं म्हणून नव्हे. साक्षीत औषधाचं नाव कुणीच घेत नाही. आभार प्रभूचे मानायचे, औषधाच्या दुकानदाराचे कोण मानतो? पंप बनवणाऱ्याला अक्कल कुणी दिली, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. ऐकणाऱ्यालाही ते कळत असेल, असं ती धरून चालली होती.

"अगं पण डॉक्टरांना विचारलंस का?" ताईने घास गिळून विचारलं.

"तू विचारलं होतंस?"

"माझं वेगळं होतं."

"वेगळं कसं? तूच म्हणालीस ना, त्याच्या दारात कुणी वेगळं नसतं?"

म्हणाली होती खरी. काजवालीने तिचा शब्द न् शब्द जपून ठेवला होता.

ताईने चर्चच्या पाळकांना फोन लावून काजवालीच्या कानाला दिला. पाळकांनी समजावलं, देव डॉक्टरांच्या हातांनीही बरं करतो, गोळ्या सोडू नकोस बाई. काजवालीने हूं हूं करत सगळं ऐकून घेतलं.

"भला माणूस आहे," फोन परत देत ती म्हणाली. "पण ताई, एवढा जाड चष्मा घालणारा माणूस. त्यांचा विश्वास कुठवर पोचणार?"

राहता राहिले मास्तर. त्यांना सांगितलं तर आजच मशीन बंद होणार, हिच्यासकट. न सांगावं तर ती सुई. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही आपणच खणलेल्या.

ताईला धाप लागली. खरीच लागली. मग तिने पिशवीत हात घातला, निळा पंप काढला आणि काजवालीच्या डोळ्यांसमोर ओढला.

"हे बघ. रोज घेते. बरी झाले म्हणजे याच्यासकट बरी झाले. सांगायचं राहिलं माझं. आता तरी ऐक."

काजवाली बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. ताईला वाटलं, पोचलं!

"किती सोसलंस गं एकटीने," काजवाली म्हणाली. "मला आधार दिलास आणि स्वतःचा विश्वास कमी पडत होता, ते कुणाला सांगितलं नाहीस? थांब."

तिने रुमालाला हात पुसले, एक हात ताईच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. "प्रभू, माझ्या ताईला बळ दे. तिचाही पंप सुटू दे."

इतकी सरळ, मनापासूनची प्रार्थना ताईने मंडळीतसुद्धा ऐकली नव्हती. शिकवलीही तिनेच होती.

"आमेन," ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

सुट्टी संपली. ताईने इस्त्रीचं टेबल ओढत ओढत काजाच्या मशीनला भिडवलं.

"अगं ए, वाफ मशीनवर जातेय!" मास्तर कापायच्या टेबलावरून ओरडले. "तिथे काय पुरलंय तुझं?"

"इथे उजेड बरा आहे, मास्तर."

"इतकी वर्षं आंधळी होतीस वाटतं!"

बायका हसल्या. काजवालीही हसली आणि ताईने शिकवलेलं गाणं गुणगुणत तिने मशीन सुरू केलं. सुई खाली-वर, खाली-वर, आणि तिच्यापासून नखभर अंतरावर ती बोटं.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्रीचा तपकिरी डाग उमटला होता. मास्तर तोंड सोडून बोलत जवळ आले. ताईने इस्त्री चाचपडत उचलून उभी ठेवली, पण मान वळवली नाही. तिची नजर त्या बोटांवर होती.