पुठ्ठ्यावरचा वेग

“अडकलीस,” डोळे न उघडताच आबा म्हणाले.

प्रयागबाईची बोटं थांबली. “तुमाला कसं कळलं, आबा?”

“चाळीस वर्सं मेंढरं राखली. कळपात एक पाय लंगडला तरी मागं न बघता कळायचं मला. तुजी तर धाच बोटं.”

ती हसली. सासऱ्यांचं हे बोलणं रोजचंच होतं. तिनं पुन्हा पुठ्ठ्यावर बोटं ठेवली. त्यावर टाइपरायटरच्या कळांचा छापील तक्ता चिकटवला होता. पहाटे पाच ते पावणेसहा हा पुठ्ठा. मग गाईची धार, भाकऱ्या, लेकीची वेणी. आठच्या एसटीत मांडीवरच्या पिशवीवर बोटं चालवायची, कचेरीत जेवणाच्या सुट्टीतली शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा पुठ्ठा. हे वेळापत्रक तिनं दारामागे लावलं होतं. पाच महिन्यांत त्यातला एक दिवस चुकला नव्हता. तापातही नाही.

तिचा नवरा बिरदेव इंदापूरच्या एका कचेरीत क्लार्क होता. ब्याण्णव साली तो गेला. प्रयागबाई दहावी झालेली, म्हणून अनुकंपेवर त्याची जागा तिला मिळाली. अट एकच होती: दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा, मिनिटाला तीस शब्द. नाही जमलं तर त्याच कचेरीत शिपाई. म्हणजे ज्या टेबलावर बिरदेव बसायचा, त्या टेबलावर दुसऱ्या कुणासाठी पाण्याचा ग्लास नेऊन ठेवायचा. त्या अटीचा दुसरा कुठलाही अर्थ तिला दिसत नव्हता.

पहिल्या वेळी ती एकोणीस शब्दांवर नापास झाली. नंतर तिच्या गावाला, लासुर्ण्याला येणाऱ्या संध्याकाळच्या एसटीची वेळ बदलली आणि तिचा टायपिंगचा क्लास सुटला. कचेरीतलं एकुलतं एक मशीन मोठ्या क्लार्कच्या ताब्यात. तिच्याकडे आवक-जावकची रजिस्टरं. म्हणून पुठ्ठा.

सुरुवातीला त्यावर बोटं टपटप वाजायची. जसजसा वेग वाढला तसतसा आवाज बसत गेला. आबा गजराचं घड्याळ हातात धरून मोठ्या काट्याकडे बघत, आणि ती शब्द मोजी. तेहेतीस भरले त्या दिवशी आबा म्हणाले, “आता कसं! वाजतबी न्हाय. लोन्यावरनं हात फिरावा तसं.”

ती शाबासकी तिनं दिवसभर मनात धरून ठेवली.

मुदतीतली शेवटची परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा रजा काढून ती क्लासला गेली. सरांनी वेळ लावली. तिनं मान वर केली नाही. संपल्यावर सरांनी कागद ओढून काढला आणि खिडकीपाशी नेला.

“बाई, वेग चौतीस हाय.”

“मग पास हुईन नव्हं?”

“आधी हे वाचून दावा मला.”

मधल्या बोटांची अक्षरं फिकी उमटली होती. करंगळीची उमटलीच नव्हती. शब्दाशब्दात भोकं पडलेली.

“रिबन जुनी असंल,” ती म्हणाली.

सरांनी उभ्या उभ्याच त्याच मशीनवर एक ओळ ठोकली. काळीकुळकुळीत.

“सराव कशावर केला?”

तिनं सांगितलं.

“अवो, पुठ्ठ्याला कुरवाळलं तरी चालतंय. ह्याला ठोकाय लागतंय. पाच म्हैने तुमी बोटास्नी कुरवाळायचंच शिकवलंय.”

मागच्या बाकावर दोन मुली फिसकन हसल्या. सरांनी पाहिल्यावर गप्प झाल्या.

सहा दिवस ती ठोकत राहिली. ठोकलं की वेग बाविसावर यायचा. वेग धरला की अक्षरं नाहीशी व्हायची. परीक्षेत पहिल्या दोन ओळी काळ्या उमटल्या. मग कधीतरी मशीनचा आवाज उतरला. तिला तो ऐकू येत होता. पण बोटं आता पहाटेच्या सवयीनं पळत होती, आणि ती तिची राहिली नव्हती.

निकाल लागला तो तिनं चुलीपाशी सांगितला; पुठ्ठ्याचंही सांगितलं. आबांनी चुलीत एक काटकी सारली.

“मी उगंच म्हनलो तुला, लोन्यावानी.”

“तुमचं काय न्हाय त्यात, आबा. जेवा, भाकरी गार हुतीया.”

साहेबांनी तिला आत बोलावलं. “नवीन क्लार्क सोमवारी येतोय. तुम्हाला अवघड वाटत असेल तर रेकॉर्ड रूममध्ये बसा. तिथं कुणी येत नाही.”

“नगं, साहेब. शिपायाचं स्टूल दारात असतंय. मी दारातच बसते.”

सोमवारी ती साडेनऊलाच आली. शिपायाची साडी अजून मिळाली नव्हती, म्हणून घरचीच अबोली साडी होती. तिनं टेबल पुसलं, पाण्याचा ग्लास भरून ठेवला, त्यावर झाकण ठेवलं आणि बाहेर येऊन बसली.

अकराच्या सुमाराला वरकुट्याचा एक म्हातारा कागदांची चळत घेऊन आला. आत डोकावला, अनोळखी पोरगेला क्लार्क पाहून मागं फिरला.

“बाई, हितल्या क्लार्क मॅडम कागूद नीट बघत्यात म्हनं. मला सांगूनच धाडलंय. त्या आल्या न्हाईत का?”

प्रयागबाईनं हात पुढं केला. “बघू कागूद.”

तिनं एकेक कागद उलटला. “तलाठ्याचा दाखला खाली गेलाय, त्यो वर पायजे. आन हितं सही ऱ्हायलीया तुमची.”

टाचणी काढून तिनं कागद नीट लावले. म्हाताऱ्यानं तिच्या स्टुलावर कागद टेकवून, जीभ दातात धरून, सावकाश नाव लिहिलं. तोवर ती उभी राहिली.

“आता जावा आत,” ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.